दरवाढीच्या सुनावणीत आपल्या एका पानाचं काय होतं?

चेंबूरच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी विचारलं आहे: वीज कंपनीच्या दरनिश्चितीच्या याचिकेची जाहीर नोटीस पेपरात आली, त्यात ग्राहकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या आहेत. सोसायटीच्या सभेत निम्मे सभासद म्हणाले, सगळं आधीच ठरलेलं असतं, लिहून काय उपयोग? उरलेले म्हणाले, शंभर सह्या घेऊन निषेधाचं पत्र देऊ. यातलं काय करावं?

माझं उत्तर: दोन्ही करू नका. एका पानाची हरकत लिहा, पण ती अशी लिहा की तिला एका वाक्यात उत्तर देता येणार नाही.

मी विद्युत अभियंता. पहिली बारा वर्षं वीज वितरणात नोकरी केली, त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ग्राहकांच्या बाजूने याचिका वाचतो आहे. माझी स्वतःची पहिली हरकत दोन पानांची होती. महागाई, निवृत्तीवेतन, कंपनीचा नफा, सगळं तिच्यात होतं आणि शेवटी ‘ही दरवाढ रद्द करावी’ अशी मागणी होती. आदेश आला तेव्हा कंपनीचं उत्तर होतं, ‘दर नियमांनुसार प्रस्तावित केले आहेत.’ त्याखाली दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाचं वाक्य होतं, नोंद घेतली. मला फार वाईट वाटलं होतं. पुढे कळलं की त्या दोन पानांत आयोगाला हात घालता येईल असं काही नव्हतंच. कोणता आकडा चुकीचा, किती चुकीचा, त्याऐवजी कोणता धरावा, यातलं एकही मी सांगितलं नव्हतं.

आधी हा हक्क कुठून आला ते थोडक्यात. १९९३ साली राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. त्याच्या अटी लोकांसमोर ठेवून, हरकती ऐकून तो झाला नाही. १९९९ मध्ये प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये तो बंद पडला. आपल्या पिढीला त्या प्रकल्पाच्या महाग विजेच्या बिलांच्या बातम्या आठवतात. केंद्राने १९९८ मध्ये वीज नियामक आयोगांचा कायदा केला, त्याखाली १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. मंत्रालयात बंद दाराआड ठरणारे दर उघड सुनावणीत ठरू लागले. २००२ मध्ये पश्चिम बंगाल वीज नियामक आयोग विरुद्ध सीईएससी (कोलकात्याची वीज कंपनी) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दरनिश्चितीत ग्राहकाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क मान्य केला. पुढे विद्युत अधिनियम, २००३ आला. त्याच्या कलम ६४ नुसार कंपनीने याचिका थोडक्यात प्रसिद्ध करायची आणि आयोगाने लोकांच्या सर्व सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा. कलम ८६ मध्ये आयोगाने कारभार पारदर्शक ठेवावा असं स्पष्ट लिहिलं आहे.

‘विचारात घेऊन’ हे दोन शब्द तुमचं भांडवल आहेत. आयोगाच्या दर आदेशात एक स्वतंत्र प्रकरण असतं, बहुतेक वेळा दुसरं. त्यात हरकतदाराचं म्हणणं, त्यावर कंपनीचं उत्तर आणि त्यावर आयोगाचा निर्णय, असा क्रम असतो. तुमचं पत्र याच प्रकरणात जाऊन बसतं. शंभर सह्यांचं पत्र तिथे एकच हरकत म्हणून येतं. एका माणसाने एका तक्त्यावर बोट ठेवलेलं पत्रही एकच हरकत म्हणून येतं, पण त्याला उत्तर द्यायला कंपनीला आकडे काढावे लागतात.

आता याचिका कशी वाचायची. ती शेकडो पानांची असते आणि सभासदांचा धीर तिथेच सुटतो. सगळी वाचू नका. कंपनीला मराठीत सारांश द्यावा लागतो, तो आधी घ्या. मग पूर्ण याचिकेतले फक्त तीन तक्ते शोधा: वीज खरेदीचा खर्च, भांडवली खर्च आणि मागच्या वर्षांचा ट्रू-अप (मंजूर आणि प्रत्यक्ष खर्चाचा ताळमेळ). चौथा शोधायचाच असेल तर दुरुस्ती-देखभाल आणि आस्थापना खर्चाचा.

वीज खरेदी हा खर्चाचा सर्वांत मोठा वाटा. पण त्यावर सोसायटीने फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. तिथले करार दीर्घ मुदतीचे असतात, त्यांची मंजुरी आधीच वेगळ्या याचिकांत झालेली असते, आणि तिथे मुंबई ग्राहक पंचायत किंवा पुण्याची प्रयास यांच्यासारख्या, आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिलेल्या संस्था ताकदीने बोलतात. कायद्याच्या कलम ९४ मध्ये आयोगाला असे प्रतिनिधी नेमता येतात.

भांडवली खर्चावर मात्र मुक्काम करा, कारण तिथे तुमच्याकडे अशी माहिती असते जी कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तेराव्या मजल्यावर बसलेल्या आयोगाकडे नसते.

हिशेब असा. समजा कंपनीने १०० कोटींचं उपकेंद्र किंवा केबलचं जाळं मांडलं. नियमांत साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल धरतात. म्हणजे ७० कोटींवर व्याज, ३० कोटींवर परतावा आणि शिवाय घसारा. हे सगळं तुमच्या बिलातून वसूल होतं. परतावा १५ टक्के धरला तर ३० कोटींवर वर्षाला साडेचार कोटी झाले. कर्ज फिटत जातं तसं व्याज कमी होतं, परतावा त्या गतीने कमी होत नाही. त्यामुळे जास्त भांडवली खर्च दाखवण्यात कंपनीचं हित असतं. खर्च खोटा असतो असं मी म्हणत नाही. मुंबईच्या केबल जुन्या आहेत, पावसाळ्यात खड्डे खणून सांधे जोडणारे कामगार मी रात्री दोन वाजता पाहिले आहेत, आणि ते काम व्हायलाच हवं. प्रश्न इतकाच की दाखवलेलं काम झालं का, दाखवलेल्या वर्षी झालं का, आणि त्याचा उपयोग कोणाला झाला.

काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका रहिवासी संघाबरोबर मी अशी एक याचिका वाचत होतो. भांडवली खर्चाच्या जोडपत्रात त्यांच्या वॉर्डातल्या एका उपकेंद्राचं नाव होतं, पुढच्या वर्षी पूर्ण होणार असं लिहिलं होतं. संघाच्या खजिनदारांनी नाव वाचलं आणि म्हणाले, “अहो, इथे तर रिक्षा उभ्या असतात.” आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पत्र्याचं कुंपण, आत गवत, एका कोपऱ्यात चार रिक्षा आणि चहाची टपरी. त्याच दुपारी जुन्या याचिका उघडल्या. तेच उपकेंद्र आधीच्या याचिकेतही ‘पुढच्या वर्षी’ होतं. खजिनदारांनी तारखेसह फोटो काढले, दोन्ही याचिकांची पानं जोडली आणि एक परिच्छेद लिहिला. सुनावणीत कंपनीच्या अधिकाऱ्याला सांगावं लागलं की जागेचा ताबा अजून मिळालेला नाही. आदेशात त्या वर्षासाठी तो खर्च धरला गेला नाही.

कोणी म्हणेल, पुढे ट्रू-अपमध्ये ते पैसे तसेही परत आले असते. बरोबर आहे. ट्रू-अप म्हणजे आधी अंदाजाने मंजूर केलेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांचा ताळमेळ. न झालेल्या कामाचे पैसे दोन-तीन वर्षांनी वळते होतात. पण तोवर ते ग्राहकाच्या खिशातून गेलेले असतात, आणि भाड्याच्या घरात राहणारा माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो. त्याने भरलेले पैसे त्याला परत मिळत नाहीत.

ट्रू-अपच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट बघा. नियमांत खर्चाचे दोन प्रकार असतात: कंपनीच्या नियंत्रणातले आणि नियंत्रणाबाहेरचे. नियंत्रणाबाहेरचा वाढलेला खर्च जवळपास पूर्ण ग्राहकावर येतो, तर नियंत्रणातल्या खर्चातला जादाचा मोठा भार कंपनीने सोसायचा असतो. त्यामुळे एखादा खर्च कोणत्या रकान्यात टाकला यावरच खरी ओढाताण होते. वितरणातली गळती वाढली आणि तिचं खापर हवामानावर फोडलं असेल, तर तो खर्च कोणत्या नियमाखाली नियंत्रणाबाहेर गेला, एवढाच प्रश्न लेखी विचारा.

मग हरकत लिहायची कशी? नमुना देतो, तुमचे आकडे घाला (फीडर म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या भागाला वीज आणणारी वाहिनी):

“याचिकेतील तक्ता क्रमांक अमुक, पान अमुक येथे आमच्या विभागातील केबल बदलण्यासाठी इतके कोटी रुपये दाखवले आहेत. आमच्या सोसायटीला वीज देणाऱ्या फीडरवर गेल्या बारा महिन्यांत पुढील तारखांना वीज खंडित झाली (तपशील सोबत). या फीडरवरील काम या खर्चात आहे का, असल्यास ते कोणत्या महिन्यात पूर्ण होईल, हे कंपनीने सांगावे. काम पूर्ण होऊन वापरात आल्याशिवाय हा खर्च दरात धरू नये, आणि फीडरनिहाय खंडित पुरवठ्याची माहिती संकेतस्थळावर दर तिमाहीला प्रसिद्ध करण्याचा निर्देश द्यावा. आम्हाला सुनावणीत तोंडी बोलायचे आहे.”

एवढं पुरे. तक्ता आणि पान, तुमच्याकडचा पुरावा, कंपनीला प्रश्न, आयोगाकडे मागणी. आयोगाला आदेशात उतरवता येईल अशी मागणी लिहिली तरच ती आदेशात येण्याची शक्यता असते. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं कधीही लिहू नका. पत्र मराठीत चालतं, बोलणंही मराठीत चालतं, त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. पत्राची प्रत कंपनीलाही द्यायची असते, ती दिल्याची पोच जपून ठेवा. मुदत नोटिशीत छापलेली असते, तिच्या चार दिवस आधी पत्र पोचू द्या.

कंपनीने लेखी उत्तर दिलं की थांबू नका. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. उत्तरात तुमच्या प्रश्नाला बगल दिली असेल तर सुनावणीत नेमकं तेच सांगा: “मी महिना विचारला होता, उत्तरात महिना नाही.” तुम्हाला बोलायला पाच मिनिटं मिळतील, कधी त्याहूनही कमी.

घाटकोपरच्या एका चाळीतल्या निवृत्त शिक्षिका मला नेहमी आठवतात. सुनावणीला त्या दोनशे पानी वही घेऊन आल्या होत्या. चौदा महिने त्यांनी वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहिली होती. निळ्या शाईने गेल्याची, लाल शाईने आल्याची. मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, या आता सगळी वही वाचणार. त्यांनी फक्त तीन तारखा वाचल्या. मग म्हणाल्या, “साहेब, कंपनीने याचिकेत वर्षभरात सरासरी किती मिनिटं वीज गेली ते दिलंय. आमच्याकडे त्याच्या किती पट गेली ते मी मोजलंय. सरासरी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण आमची चाळ त्या सरासरीत दिसत नाही.” सभागृह शांत झालं. आयोगाने कंपनीला तिथल्या तिथे त्या भागाची फीडरनिहाय माहिती सादर करायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी ऐकलेली ती सर्वांत चांगली हरकत आहे. नामांकित वकिलांचे युक्तिवाद मी त्यानंतर ऐकले, पण मोजून आणलेल्या वहीला उत्तर देणं कंपनीला जितकं जड गेलं तितकं ते युक्तिवाद खोडणं गेलं नाही.

काही गोष्टी हरकतीत घालू नका, कारण त्या आयोगाच्या हातात नाहीत. बिलात घरगुती ग्राहकाला लागणारं १६ टक्के वीज शुल्क राज्य सरकारचं असतं, त्यासाठी सरकारकडे जावं लागतं. तुमचं बिल चुकीचं आलं, मीटर जोरात पळतो, नाव बदलून मिळत नाही, या तक्रारी आहेत, हरकती नव्हेत. त्यांची वाट वेगळी: आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने रीडिंग झालं नाही, सरासरीने बिलं आली आणि जूनमध्ये एकदम मोठा आकडा पडला, तेव्हा हजारो लोकांनी दर कमी करा अशी मागणी केली. खरा प्रश्न रीडिंगचा, स्लॅबच्या हिशेबाचा आणि हप्त्यांचा होता. आयोगाने हप्त्यांची सोय द्यायला लावली तीही त्याच अंगाने.

तुमची सोसायटी आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा सामाईक मीटर कोणत्या वर्गवारीत आहे ते आजच बिलावर बघा. निवासी सोसायटीच्या सामाईक सोयी आयोगाच्या वर्गवारीत निवासीमध्ये येतात. तो मीटर व्यावसायिक दराने चालू असेल तर तीही तक्रार आहे, आणि ती दरवाढीपेक्षा लवकर पैसे वाचवते.

मुंबईत आणखी एक गुंता आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. उपनगरांत टाटा पॉवर थेट किरकोळ ग्राहकांना वीज विकू शकते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला, आणि २००९ मध्ये आयोगाच्या आदेशाने दुसऱ्या कंपनीच्या तारांवरून तिची वीज घेण्याची सोय झाली. त्यामुळे तुमच्या सोसायटीत काही घरं एका कंपनीची आणि काही दुसरीची असू शकतात. बिल एकाचं, तारा दुसऱ्याच्या, आणि वहन आकार, म्हणजे तारा वापरण्याचे पैसे, तारांच्या मालकाच्या याचिकेतून ठरतो. अशा घरांनी दोन्ही याचिका बघायला हव्यात. आजवर मला भेटलेल्या दहांपैकी नऊ सोसायट्यांना हे माहीतच नव्हतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली त्यानंतर शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या नव्या पारेषण वाहिन्यांना जोर आला. त्यांचा खर्चही पारेषण आकाराच्या रूपाने बिलात येतो, आणि त्याच्या याचिका स्वतंत्र चालतात.

सभासदांचा ‘आधीच ठरलेलं असतं’ हा आरोप मी झटकून टाकणार नाही. त्यात तथ्य आहे, फक्त ‘ठरतं’ कुठे ते वेगळं आहे. परतावा किती टक्के, गळतीचं लक्ष्य किती, कोणता खर्च नियंत्रणाबाहेरचा, हे पाच-पाच वर्षांसाठीच्या बहुवर्षीय दर विनियमांत ठरतं. सध्याचा कालावधी २०२५-२६ ते २०२९-३० आहे. त्या विनियमांचा मसुदा निघतो तेव्हाही आयोग सूचना मागवतो. तेव्हा बातमी येत नाही, रस्त्यावर कोणी उतरत नाही, आणि कंपन्यांची पानंच्या पानं सूचनापत्रं जातात. ग्राहकांकडून मात्र मोजकीच. दरवाढीच्या सुनावणीत भरलेलं सभागृह मसुद्याच्या वेळी रिकामं असतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी जिवाला लागलं आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा तुमची सोसायटी तिथे असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि हे दार आहे याचंही मोल आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पाइप गॅसचा दर वाढतो तेव्हा कोणी तुम्हाला विचारत नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आहे, पण ग्राहकाला पडणारा किरकोळ दर ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. तिथे याचिका नाही, तक्ता नाही, हरकत नोंदवायला जागा नाही. फक्त मध्यरात्रीपासून नवे दर लागू झाल्याची बातमी येते.

आदेशाविरुद्ध अपील दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत करता येतं. सोसायटीला ते एकटीने परवडणारं नाही. पण एखादी ग्राहक संस्था गेली तर तिला आयोगासमोरच्या नोंदींवरच उभं राहावं लागतं, आणि त्या नोंदींत तुमचे फोटो, तुमच्या तारखा असतील तर तिचं काम सोपं होतं.

आता लगेच करायचं ते सांगतो. सभेत तीन जण निवडा. एकाने गेल्या बारा महिन्यांची बिलं गोळा करावी, सामाईक मीटरचंही. एकाने वॉचमनच्या वहीतून वीज गेल्याच्या आणि जनरेटर चालू केल्याच्या वेळा काढाव्या, त्या तिथे बहुधा लिहिलेल्या असतात. तिसऱ्याने याचिकेतल्या भांडवली कामांच्या यादीत चेंबूर, टिळकनगर, गोवंडी अशी नावं शोधावी आणि त्या जागांवर एक फेरी मारून यावी. आदेश आला की दुसरं प्रकरण उघडून सोसायटीचं नाव शोधा, खाली कंपनीने काय उत्तर दिलं आणि आयोगाने काय म्हटलं ते सूचना फलकावर लावा. नुसतं ‘नोंद घेतली’ एवढंच असेल तर तेही लावा, आणि पुढच्या याचिकेतल्या पत्राची सुरुवात त्याच पान क्रमांकापासून करा.